लावणीची दोरी, गवंड्याचा गुण्या आणि सहावीची भूमिती

मैत्रिणींनो, जूनमध्ये शाळा उघडली की पुस्तकांना कव्हरं घालायचं काम बहुतेक घरांत आईकडेच येतं. यंदा सहावीचं गणिताचं पुस्तक हातात आलं तर कव्हर घालून लगेच बाजूला ठेवू नका. पहिला धडा उघडून बघा. बालभारतीचं २०१६ साली आलेलं पुस्तक असेल तर पहिलाच धडा आहे ‘भूमितीतील मूलभूत संबोध’. नाव जड आहे. आत काय आहे? बिंदू, रेषा, रेषाखंड, किरण, प्रतल, समांतर रेषा. एवढंच.

मीटिंगला मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की बऱ्याच जणी म्हणतात, "आमचं शिक्षण चौथीपर्यंत, पोरांचं गणित आम्हाला काय कळतंय? क्लास लावलाय त्याला." क्लास लावा, त्याला ना नाही. पण भूमितीतलं निम्मं काम आपण हातानं करतोच, फक्त त्याची पुस्तकातली नावं आपल्याला माहीत नसतात. शब्दच बघा ना, भूमी आणि मिती, म्हणजे जमिनीचं मोजमाप. जुन्या काळी यज्ञाच्या वेदी आखायचे नियम ज्या ग्रंथांत लिहिले त्यांना शुल्बसूत्रं म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. सगळी सुरुवात ताणलेल्या दोरीपासून आहे.

ही सुरुवात कच्ची राहिली की पुढे अडतं. सहावीत रेषा, सातवीत कोनांच्या जोड्या आणि पायथागोरसचा सिद्धांत, आठवीत समांतर रेषा व छेदिका, आणि दहावीला गणित भाग दोन म्हणजे भूमितीचा ४० गुणांचा वेगळा पेपर. दहावीला ‘भूमिती जमत नाही’ म्हणणाऱ्या पोरीचं गाडं बऱ्याचदा सहावी-सातवीतच रुतलेलं असतं. आणि दुसरं कारण आपल्या नांद्याचं आहे. नांदे, चांदे, लवळे, सूस, म्हाळुंगे, या पट्ट्यात जिथं भाताची खाचरं होती तिथं आता प्लॉट पडतात. जमीन गुंठ्यावर विकली जाते, फुटावर भांडणं होतात. रेषा आणि काटकोन कळणं हा इथं नुसता मार्कांचा प्रश्न राहिलेला नाही.

रेघ आणि रेषा

आपण बोलताना ‘रेघ मार’ म्हणतो. पुस्तकात तीन वेगळे शब्द आहेत आणि मुलं इथंच गोंधळतात.

दोन खुंट्या ठोकल्या, मध्ये दोरी ताणली. खुंटीपासून खुंटीपर्यंतचा तो तुकडा म्हणजे रेषाखंड. त्याला दोन्ही टोकं आहेत, त्याची लांबी मोजता येते. पट्टीनं वहीवर काढतो तो रेषाखंडच. आता मनात असं धरा की दोरी खुंट्यांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना सरळ जातच राहिली, कुठं संपतच नाही. ती झाली रेषा. म्हणून पुस्तकात रेषेच्या दोन्ही टोकांना बाण काढतात. बाण म्हणजे ‘अजून पुढे आहे’. आणि एक टोक पक्कं, दुसरीकडे न संपता गेलेली, तो किरण. बॅटरीचा झोत आठवा.

‘रेषेची लांबी किती?’ असं मुलाला विचारून बघा. पाच-सहा सेंटीमीटर सांगितली तर त्याला बाणाचा अर्थ कळलेला नाही, एवढं तुम्हाला समजलं. पुस्तक न वाचताही आईला घेता येणारी ही परीक्षा आहे.

एका खुंटीतून किती रेषा जातील? कितीही. बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे मधल्या तुंब्याकडे येतात तशा. एकाच बिंदूतून जाणाऱ्या अशा रेषांना एकसंपाती म्हणतात. पण दोन खुंट्यांतून एकच रेषा जाते. दोरी दोन्हीकडून ताणली की तिला दुसरी वाट नाही. तिसरी खुंटी त्याच दोरीला टेकली तर ते तीन बिंदू एकरेषीय, नाही टेकली तर नैकरेषीय.

आता हा ‘एकरेषीय’ शब्द बांधावर घेऊन जाऊ. बांध कोरला म्हणून आपल्याकडे किती भांडणं होतात हे सांगायला नको. समजा नकाशात बांध सरळ आहे आणि त्यावर हद्दीचे तीन दगड आहेत. दोन टोकांच्या दगडांना दोरी लावून ताणा. मधला दगड दोरीवर आला पाहिजे. तो तीन फूट आत सरकलेला दिसला आणि टोकांच्या दगडांत अंतर २०० फूट असेल, तर कोपऱ्यात काढलेला लांबट त्रिकोण तुमच्या रानातून गेलाय. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची भागिले दोन. २०० गुणिले ३ भागिले २, म्हणजे ३०० चौरस फूट. पाव गुंठा २७२ चौरस फुटांचा असतो, म्हणजे पाव गुंठ्याहून जास्त. मात्र दोरी लावायच्या आधी गटाचा नकाशा बघा. बांध मुळातच वाकडा असेल तर शेजाऱ्यावर उगाच आळ येईल.

समांतर: लावणीत बघा

समांतर रेषा म्हणजे एकाच प्रतलातल्या, कितीही लांब वाढवल्या तरी एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा. प्रतल म्हणजे सपाट पृष्ठभाग. चिखलणी करून फळी फिरवलेलं खाचर डोळ्यांपुढे आणा. मुलं पाठ म्हणतात, "रेल्वेचे रूळ." मुळशीत रेल्वे नाही, भात आहे. तेव्हा भाताकडेच जाऊ.

चारसूत्री भात लागवड आपल्यातल्या बऱ्याच जणींनी केलीय किंवा शेतीशाळेत ऐकलीय. डॉ. नारायण सावंत यांनी ती पद्धत बसवली. भाताच्या तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट, अशी ती चार सूत्रं. तिसरं सूत्र सगळं भूमितीचं आहे. दोरीवर १५ सेंटीमीटर, मग २५, मग १५, मग २५ अशा खुणा असतात आणि प्रत्येक खुणेला एक चूड लावायचा. ओळींमधलं अंतरही तसंच, एकदा १५, एकदा २५. असं केलं की चार-चार चुडांचे छोटे चौरस तयार होतात, प्रत्येक बाजू १५ सेंटीमीटर. त्या चौरसाच्या मधोमध सात ते दहा सेंटीमीटर खोल एक गोळी खोचायची. चारी चुडांना खत सारखं पोचतं, पाण्याबरोबर वाहून जात नाही.

हिशेब करून बघा, मुलाला बरोबर घेऊन. एका चौरसाच्या वाट्याला १५ अधिक २५, म्हणजे ४० सेंटीमीटर लांब आणि ४० सेंटीमीटर रुंद जागा येते. ती ०.१६ चौरस मीटर. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. भागाकार केला की गुंठ्याला ६३० च्या आसपास चौरस, म्हणजे तेवढ्याच गोळ्या. एक गोळी २.७ ग्रॅमची. गुंठ्याला पावणेदोन किलोच्या जवळ जातं, आणि शिफारसही तशीच आहे. पाचवी-सहावीचं गणित, आणि दुकानात किती गोळ्या मागायच्या ते हातात आलं.

पण हे सगळं ओळी समांतर राहिल्या तरच. बांधाच्या एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी, दोघी दोरी धरून पुढे सरकतात. एकीनं २५ सेंटीमीटर सरकवली आणि दुसरीनं अंदाजानं २० च, तर ओळी एका बाजूला जवळ यायला लागल्या. वीस वेळा असं झालं की शंभर सेंटीमीटर, म्हणजे अख्ख्या मीटरचा फरक. ओळी तशाच वाढवल्या तर पुढे कुठंतरी त्या एकमेकींना भेटणारच. म्हणजे त्या समांतर नव्हत्या. म्हणून दोघींच्या हातात सारख्या मापाची काठी द्यायची.

आता यातली बारीक गोष्ट. काठी दोरीला कशी लावता? आडवी-तिरकी लावली तर २५ ची काठी असूनही ओळींतलं अंतर २५ पेक्षा कमी भरतं. काठी दोरीशी काटकोनातच पाहिजे. पुस्तकात एक वाक्य येतं: दोन समांतर रेषांमधलं अंतर म्हणजे त्यांच्यामधल्या लंबाची लांबी. मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. माझ्या मते अख्ख्या धड्यांत आपल्या सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे, म्हणून इथं जरा थांबते.

शिलाई करणाऱ्या मैत्रिणींना हे चटकन पटेल. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतो. कापड ४५ अंशात तिरकं कापायचं, पट्टी एक इंच रुंद पाहिजे. नवीन शिकणारी मुलगी कापडाच्या काठावर एक-एक इंचाच्या खुणा करते आणि तिथून तिरक्या रेघा मारते. पट्टी कापून हातात घेतली की भरते जेमतेम पाऊण इंच, खरं तर त्याहूनही जरा कमी. कारण काठावर मोजलेलं अंतर तिरकं होतं. पट्टीची रुंदी रेघेशी काटकोनात टेप धरून मोजायची. टेप काठावरच ठेवायचा असेल तर साधारण एक इंच तीन दोरे धरावे लागतात. गटात शिलाईचं काम शिकवणाऱ्या ताई हे हातानं दाखवतात. त्याला ‘लंब अंतर’ म्हणतात हे मुलाला सांगा.

काटकोन कसा काढायचा

गवंड्याकडे गुण्या असतो, लोखंडी, काटकोनाचा. भिंत उभी सरळ आहे का हे तो ओळंब्यानं बघतो आणि आडवी पातळी पारदर्शक नळीतल्या पाण्यानं. ओळंब्याची दोरी आणि पाण्याची पातळी यांच्यात काटकोन असतो. पण घराचा पाया आखायचा असतो तेव्हा एवढासा गुण्या पुरत नाही. तिथं तो तीन-चार-पाच लावतो. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर खूण. दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात. पाचपेक्षा जास्त भरलं तर कोपरा फाकलाय, कमी भरलं तर मिटलाय. मोठ्या पायाला सहा-आठ-दहा किंवा नऊ-बारा-पंधरा घेतात, चूक कमी होते.

का जमतं? तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, आणि पंचवीस हा पाचाचा वर्ग. हाच सातवीतला पायथागोरसचा सिद्धांत. आपल्या शुल्बसूत्रांतही आयताच्या कर्णाचा हाच नियम दिलेला आहे. मुलाला पायथागोरस घोकताना पाहिलं की अंगणात दोरी आणि तीन खुंट्या द्या आणि म्हणा, "काढून दाखव काटकोन." हातानं एकदा काढला की विसरत नाही.

गुंठा म्हणजे नुसत्या चार बाजू नव्हेत

१८३६ च्या सुमारास इंग्रजांनी नव्या पद्धतीची जमीनपाहणी सुरू केली ती आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून. गोल्डस्मिड आणि विंगेट हे त्यातले अधिकारी. पुढे मुंबई इलाख्यात मोजणीला जी साखळी वापरली ती ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आता सावध व्हायची गोष्ट. प्लॉट दाखवणारा टेप काढतो, चारी बाजू मोजून दाखवतो. "बघा ताई, तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. झाला ना गुंठा?" नाही झाला. चारी बाजू तेहतीस असूनही प्लॉट तिरका असू शकतो. काड्यापेटीचा बाहेरचा खोका दोन्ही कडांनी दाबला की कसा कलतो? बाजू त्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन बाजू समांतर आहेत, पण त्यांच्यामधलं लंब अंतर ३३ ऐवजी ३० फूटच भरतं असं धरा. क्षेत्रफळ ३३ गुणिले ३०, म्हणजे ९९० चौरस फूट. ९९ चौरस फूट कमी. नऊ बाय अकराची खोली गेली, आणि पैसे मात्र पूर्ण गुंठ्याचे दिले.

ओळखायचं कसं? टेप तिरका धरून दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे कोपरा ते समोरचा कोपरा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे भरले तरच चारी कोपरे काटकोनात. ३३ च्या चौरसाचा कर्ण ४६ फूट ८ इंच येतो. वर सांगितलेल्या तिरक्या प्लॉटमध्ये एक कर्ण साडेपंचावन्न फुटांच्या आसपास आणि दुसरा साडेपस्तीसच्या आसपास भरेल. एवढा तिरकेपणा डोळ्यांनाही दिसतो, पण दोन-तीन फुटांचा फरक टेप लावल्याशिवाय कळत नाही. प्लॉटला परवानगी आहे का, तुकडेबंदीचा कायदा काय म्हणतो, सातबाऱ्यावर काय नोंद आहे, हे प्रश्न वेगळे, तेही विचारायचेच. टेप मात्र आपल्या हातात असतो.

आणि जमीन वेडीवाकडी असेल तर? जुन्या मोजणीत शंकू-साखळी पद्धत होती. शंकू हे काटकोन साधायचं साधन. जमिनीतून एक सरळ रेषा टाकायची, मग बांधाच्या प्रत्येक वळणापासून त्या रेषेवर लंब टाकून मोजायचा. टिपणात जे आकडे दिसतात ते असे घेतलेले आहेत. सोपं उदाहरण घ्या. चार कोपऱ्यांचं रान, कोणतीही बाजू सारखी नाही. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, १३२ फूट. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून या दोरीवर लंब टाकले, एक ३३ फूट, दुसरा ६६ फूट. रानाचे दोन त्रिकोण झाले. दोघांची बेरीज: १३२ गुणिले ९९ भागिले २, म्हणजे ६,५३४ चौरस फूट. भागा १,०८९ नं. बरोबर सहा गुंठे.

आता मोजणीवाले रोव्हर घेऊन येतात, उपग्रहावरून कोपरे घेतात. साखळी गेली, तरी नकाशावर रेषाच असतात. पौडच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी बाईनं चहा ठेवायला घरात आणि पुरुषांनी रानात, ही पद्धत आता सोडा. तुमचं नाव सातबाऱ्यावर असेल तर बांधावर तुम्हीच उभ्या राहा. नकाशाची प्रत हातात आली की आधी त्यावरची खुणांची सूची वाचा. नोंदीप्रमाणे हद्द कोणत्या रेषेनं दाखवलीय आणि प्रत्यक्ष वहिवाट कोणत्या रेषेनं, हे तिथं दिलेलं असतं. त्या दोन रेषा जिथं एकमेकींपासून फुटतात, तिथंच वाद असतो.

आठवीच्या छेदिकेबद्दल थोडं

दोन समांतर रेषांना एक तिसरी रेषा आरपार छेदून गेली तर ती छेदिका. आठ कोन तयार होतात आणि मुलांना संगत, व्युत्क्रम, आंतरकोन या नावांचीच भीती वाटते. त्यांना आधी एवढंच दाखवा: रेघाळलेल्या वहीच्या दोन ओळींवर एक तिरकी रेघ मारा. आठ कोन आहेत, पण मापं दोनच. सगळे लहान कोन एकमेकांएवढे, सगळे मोठे कोन एकमेकांएवढे, आणि एक लहान व एक मोठा मिळून १८०. एक कोन ६० अंश कळला की बाकीचे सात न मोजता सांगता येतात. पटत नसेल तर एक कोन पातळ कागदावर गिरवायचा आणि बाकीच्यांवर ठेवून बघायचा. नावं त्यानंतर पाठ केली तरी चालतात. उलटंही खरं आहे: संगत कोन सारखे भरले तर रेषा समांतर. गवंडी दोन भिंती एकाच मुख्य भिंतीशी काटकोनात उचलतो तेव्हा त्या दोन भिंती आपोआप समांतर होतात, तो हाच नियम.

पुढच्या मीटिंगसाठी तीन गणितं

घरी मुलांना बरोबर घेऊन सोडवा, वही घेऊन या.

१. एका प्लॉटची रस्त्याकडची बाजू २० फूट, मागची बाजूही २० फूट आणि तिला समांतर. उरलेल्या दोन तिरक्या बाजू प्रत्येकी ३४ फूट. रस्त्याकडच्या आणि मागच्या बाजूंमधलं लंब अंतर ३० फूट. प्लॉट किती चौरस फुटांचा?

२. लावणी करताना एका बाईनं दोरी दर वेळी २५ सेंटीमीटर सरकवली, दुसरीनं २४. तीस वेळा सरकवल्यावर दोन टोकांत किती फरक पडला?

३. दोन समांतर रेषांना एक छेदिका छेदते. एक कोन ७० अंशांचा आहे. बाकी सात कोन सांगा.

उत्तरं पुढच्या अंकात. पहिल्या गणितातला ३४ हा आकडा मुद्दाम दिलेला आहे. तो वापरायचा की सोडायचा, हे आधी ठरवा.